टेस्लाची होडी आणि आमची गाडी

रिमोट आपल्या हातात आहे म्हणजे गाडी आपलंच ऐकणार, असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच धरून चाललो होतो!

मागच्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टमध्ये आमच्या ग्रुपने रोबो-रेसला गाडी उतरवली. हॉस्टेलच्या रूमवर चार रात्री जागून बनवलेली. मोटर्स लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, बॉडी अ‍ॅक्रिलिकची केली आणि तोवर पैसे संपले. म्हणून रिमोट मात्र खेळण्यातल्या एका गाडीतला काढून बसवला. प्रॅक्टिसला गाडी एकदम झकास! रेसची शिट्टी वाजली आणि गाडी गर्रकन उलटी फिरून ट्रॅकच्या बाहेर. बटण दाबतोय, पण ती ऐकेचना. नंतर कळलं की शेजारच्या टीमचा रिमोटही तसाच खेळण्यातला, २७ मेगाहर्ट्झवर चालणारा. आमची गाडी इमाने-इतबारे त्यांचं ऐकत होती! पहिल्याच राऊंडला आम्ही बाहेर.

नवीन पनवेलला परत आल्यावर रात्री मेसमध्ये एकच वाद. आता ट्रान्समीटर कुठला घ्यायचा? कुणी म्हणे जास्त रेंजचा, कुणी म्हणे जास्त पॉवरचा. त्याचं उत्तर शोधता शोधता मी थेट १८९८ सालात जाऊन पोचले आणि तिथे मला निकोला टेस्ला भेटला. तोपर्यंत तो मला मॅग्नेटिक फ्लक्स डेन्सिटीच्या युनिटपुरताच माहीत होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असेल. म्हणून त्याची ही गोष्ट.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घराणं सर्बियन. वडील धर्मगुरू. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात लागणारी छोटी-मोठी अवजारं ती स्वतः बनवायची. आपल्याकडे घरचे मुलाला धरून-बांधून इंजिनीअरिंगला पाठवतात, तिथे सगळं उलटं! वडिलांना मुलगा धर्मगुरू व्हायला हवा होता. १८७३ मध्ये त्याला कॉलरा झाला, जगेल की नाही अशी वेळ आली, तेव्हा वडिलांनी बरा झालास तर इंजिनीअरिंगला पाठवतो असं कबूल केलं. पोरगा बरा झाला!

१८७५ मध्ये तो ग्रात्स शहरातल्या पॉलिटेक्निकला दाखल झाला. पहिलं वर्ष धडाक्यात गेलं, मार्क भरपूर. पुढे मात्र जुगाराचा नाद लागला, अभ्यास सुटला आणि डिग्री शेवटपर्यंत मिळाली नाही. (केटी लागलेल्यांनी लगेच खूष होऊ नये. तो दहा-दहा तास काम करणारा माणूस होता!)

पुढे बुडापेस्ट, मग पॅरिस आणि १८८४ मध्ये न्यूयॉर्क. तिथे एडिसनच्या कंपनीत त्याने काही महिने नोकरी केली आणि सोडली. स्वतःची कंपनी काढली, तर भागीदारांनी बाहेर काढलं. पोट भरण्यासाठी त्याने चक्क रस्त्यावर खड्डे खणले. पण डोक्यात फिरणारं चुंबकीय क्षेत्र होतं. १८८८ मध्ये त्याला एसी मोटरची पेटंट्स मिळाली, वेस्टिंगहाऊसने ती घेतली आणि १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. इलेक्ट्रिकल मशिन्सच्या लॅबमध्ये आपण ज्या इंडक्शन मोटरचं रीडिंग घेतो, ती त्याचीच देणगी.

मधे एक मोठा घाव बसला. मार्च १८९५ मध्ये त्याची लॅब जळून खाक झाली. यंत्रं, नोंदी, सगळं गेलं. ज्याचं जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी हरवलंय, त्याला याची थोडीफार कल्पना येईल. टेस्लाने न्यूयॉर्कच्याच ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवर नवी लॅब उघडली आणि पुन्हा कामाला लागला. आपल्या गोष्टीतली होडी याच लॅबमधली.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे टेस्लाने पाण्याच्या टाकीत साधारण चार फुटांची लोखंडी होडी सोडली. होडीला वायर नाही, दोरी नाही. टेस्ला लांब उभा राहून कंट्रोल फिरवायचा आणि होडी वळायची, थांबायची, दिवे लावायची. लोक चाट पडले! रेडिओ हा शब्दसुद्धा लोकांच्या तोंडी नव्हता तेव्हा. कुणाला वाटलं जादू, कुणाला वाटलं आत शिकवलेलं माकड बसवलंय. असंही सांगतात की कुणीतरी ६४ चं घनमूळ विचारलं आणि होडीने चार वेळा दिवे लुकलुकवले. अर्थात गणित होडीचं नव्हतं, टेस्लाचं होतं!

आत काय होतं? बॅटऱ्या, पंखा फिरवणारी एक मोटर, सुकाणू वळवणारी दुसरी मोटर आणि लहरी पकडायला धातूच्या कणांनी भरलेली नळी. लहर आली की त्या कणांतून करंट जाई, रिले लागे आणि एक चकती एक घर पुढे सरके. चकतीच्या प्रत्येक घराला वेगळं काम: उजवीकडे, सरळ, डावीकडे. सिग्नल गेला की ती नळी पुढच्या सिग्नलसाठी पुन्हा तयार केली जाई. म्हणजे थोडंसं वळ अशी सोय नाही. स्वस्तातल्या खेळण्यांचा रिमोट आजही असाच, एक तर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे.

आपल्या देशाचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याआधी तीन वर्षं, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. एक घंटा वाजवणं आणि चालतं यंत्र हवं तसं वळवणं, यातली पुढची पायरी टेस्लाने गाठली. ८ नोव्हेंबर १८९८ ला त्याचं पेटंट मंजूर झालं, नंबर ६,१३,८०९.

पण टेस्लाला खरी काळजी वेगळीच होती, आणि तीच आमच्या गाडीची गोष्ट! लहर हवेत सोडली की ती सगळ्यांची होते. मग होडीने नेमकं कुणाचं ऐकायचं? शत्रूनेही तसलीच लहर सोडली तर? पहिल्या होडीत त्याने रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सीला जुळवून घेतला होता. तेवढं पुरेसं नाही हे त्याला कळत होतं. म्हणून १९०० मध्ये त्याने नवा अर्ज केला आणि १९०३ मध्ये त्याची दोन पेटंट्स मंजूर झाली. युक्ती अशी: दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल, एकटीला दाद देणार नाही. आपल्या डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधलं अँड गेटच की हे!

एवढं करून पदरात काय पडलं? त्याने हे तंत्र अमेरिकन सरकारला देऊ केलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. पेटंटची १७ वर्षं १९१५ मध्ये संपली, एक छदाम न मिळता. जगभर बिनतारी संदेश आणि वीज पाठवण्यासाठी त्याने लाँग आयलंडवर मोठा मनोरा बांधायला घेतला होता. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार सिग्नल पाठवला आणि पुढे मॉर्गनने हात आखडता घेतला. मनोरा अर्धवट राहिला. हॉटेलच्या बिलापोटी ती जागा गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला. शेवटची वर्षं टेस्लाने हॉटेलच्या खोल्यांत, कबुतरांना दाणे घालत काढली. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात तो एकटाच गेला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले. त्यात टेस्लाचं आधीचं कामही धरलं होतं. निकाल ऐकायला तो नव्हता.

त्याची काळजी मात्र जगली. १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी सारख्या उड्या मारणाऱ्या फ्रिक्वेन्सीचं पेटंट घेतलं, तेही पाणतीराच्या रेडिओ कंट्रोलसाठीच. आजच्या बऱ्याच २.४ गिगाहर्ट्झ रिमोटमध्ये अशाच उड्या असतात. शिवाय प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळख-नंबर असतो आणि रिसीव्हर तो एकदा लक्षात ठेवतो. याला बाइंड करणं म्हणतात. मग शेजारी दहा रिमोट चालू असले तरी गाडी आपल्याच मालकाला ओळखते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ आणि २७ मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे कमी पॉवरच्या साधनांसाठी २००५ पासून लायसन्समुक्त आहेत.

तर मेसमधल्या वादाचं उत्तर मला असं मिळालं. गाडीला दोनच चॅनल पुरतात, एक स्टिअरिंगचा, एक थ्रॉटलचा. हौसेने सहा-आठ चॅनलचा घेऊन पैसे घालवू नका. थोडं वळ म्हटलं तर थोडंच वळेल असा प्रपोर्शनल रिमोट घ्या. बाइंड होणारा २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या. आणि फेलसेफ आहे का ते आधी विचारा, म्हणजे सिग्नल तुटला तर गाडी प्रेक्षकांत न घुसता जागीच थांबेल. रेसच्या ट्रॅकला रेंज लागते ती किती! किती लांब ऐकू जातं हे नंतर बघा, आधी कुणाचं ऐकतं ते बघा.

आमच्या ग्रुपने आता महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे. पुढच्या रेसला नव्या गाडीच्या बॉनेटवर आम्ही एकच नंबर रंगवणार आहोत: ६,१३,८०९. कुणी विचारलं तर होडीची गोष्ट सांगू.