हार्टोग याकोब हाम्बुर्गर
हार्टोग याकोब हाम्बुर्गर (९ मार्च, १८५९, आल्कमार – ४ जानेवारी, १९२४, ग्रोनिंगेन) हे डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. तांबड्या रक्तपेशींतील पाण्याचे प्रमाण भोवतीच्या द्रवातील क्षारांनुसार कसे बदलते, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. रक्तातील 'क्लोराइड स्थलांतर' ही घटना त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन
हाम्बुर्गर यांनी उट्रेख्ट येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १८८३ साली डॉक्टरेट मिळवली. तेथेच ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांचे साहाय्यक झाले. पुढे त्यांनी वैद्यकाचे शिक्षणही पूर्ण केले आणि उट्रेख्टच्या पशुवैद्यक विद्यालयात अध्यापन केले. १९०१ साली ते ग्रोनिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

संशोधन
वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्हरीस यांनी वनस्पतिपेशींवर क्षारद्रावणांचा परिणाम अभ्यासला होता. हाम्बुर्गर यांनी तोच प्रश्न रक्ताला लावला. निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावणांत थोडे रक्त मिसळून ते स्थिर होऊ देत. द्रावण पुरेसे तीव्र असल्यास पेशी तळाशी बसत आणि वरचा द्रव रंगहीन राही. फार विरल असल्यास पाणी आत शिरून पेशी फुगत, फुटत आणि हीमोग्लोबिन बाहेर येऊन द्रव तांबडा होई. वेगवेगळ्या क्षारांसाठी ही सीमा ज्या तीव्रतांना आढळली, त्यांचे परस्पर प्रमाण वनस्पतिपेशींत आढळलेल्या प्रमाणाशी जुळले. उपकरणे साधी असली तरी हा निष्कर्ष महत्त्वाचा होता. याकोबुस व्हान्ट हॉफ यांनी परासरणी दाबाचा सिद्धान्त मांडताना या प्रयोगांचा आधार घेतला.

रक्तात कार्बन डायऑक्साइड मिसळल्यास पेशींतील बायकार्बोनेट बाहेर पडते व त्याच्या बदल्यात क्लोराइड आत जाते, हे त्यांनी दाखवले. ऊतींमध्ये होणाऱ्या या देवाणघेवाणीत पेशीतील एकूण विद्राव्य कण वाढतात, म्हणून पाणीही आत येते. शिरांतील रक्ताच्या पेशी धमन्यांतील पेशींपेक्षा किंचित मोठ्या असतात, त्या यामुळेच. फुप्फुसांत ही क्रिया उलट होते. 'वैद्यकशास्त्रांतील परासरणी दाब व आयनविचार' या आशयाचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९०२ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाला.

लवणद्रावण
बेडकाच्या ऊतींसाठी वापरले जाणारे सुमारे ०.६ टक्के मिठाचे द्रावण मानवी रक्तासाठी फार विरल असून ०.९ टक्के तीव्रता योग्य आहे, असे त्यांच्या मोजमापांवरून ठरले. आजच्या सलाइनची तीव्रता हीच आहे. मात्र हे प्रयोग शरीराबाहेरील पेशींवरचे होते. या द्रावणात प्रतिलिटर १५४ मिलिमोल क्लोराइड असते, तर रक्तद्रवात सुमारे १००. त्यामुळे 'नॉर्मल सलाइन' हे नाव तितकेसे अचूक नाही.

आयन पंप
तांबड्या पेशीचे पटल सोडियम व पोटॅशियम यांना बंद असते, अशी तत्कालीन समजूत होती. तसे असते तर पेशीचा आकार टिकण्यासाठी वेगळ्या यंत्रणेची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात दोन्ही आयन हळूहळू झिरपतात. आतील हीमोग्लोबिन बाहेर जाऊ शकत नसल्याने हे झिरपणे अनिर्बंध चालू राहिल्यास सोडियम, क्लोराइड व पाणी आत साठून पेशी अखेर फुटेल. शीतगृहात ठेवलेल्या रक्तपेशी पोटॅशियम गमावतात आणि ग्लुकोजसह ऊब मिळताच ते परत घेतात, असे १९४१ साली आढळले. म्हणजे या कामी ऊर्जा खर्च होत होती. १९५७ साली येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत यास कारणीभूत असलेले विकर शोधले. हा पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. पंप आणि गळती यांच्या समतोलातून पेशीचे आकारमान ठरते, हे टॉस्टेसन व हॉफमन यांनी १९६० साली मेंढ्यांच्या रक्तपेशींवरून मांडले. काही मेंढ्यांच्या पेशींत पोटॅशियम भरपूर, तर काहींच्या पेशींत अल्प असते, हा नैसर्गिक भेद त्यांना उपयोगी पडला.

इतर कार्य
पांढऱ्या पेशींच्या भक्षणक्रियेवरही हाम्बुर्गर यांनी संशोधन केले. १९१३ साली ग्रोनिंगेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते.