अदृश्य प्रकाशाचे पारखी

हिंगोली जिल्ह्यातील हळद आणि सोयाबीनची भरात आलेली शिवारे उपग्रहाने टिपलेल्या अवरक्त चित्रात हिरवी नव्हे, तर गडद लाल दिसतात. पावसाने ओढ दिली की ही लाली फिकी पडू लागते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरविण्याच्या निकषांत पिकांच्या या अवरक्त परावर्तनालाही स्थान दिले. या तंत्राची भारतातील मुहूर्तमेढ रोवली ती प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी, आणि तीही नारळाच्या बागांवर.

१९०९ मध्ये केरळमधील कोल्लेनगोडे येथे जन्मलेले पिशारोटी मूळचे भौतिकशास्त्राचे अध्यापक. सुट्ट्यांत ते बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करीत. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात आले. पुढे कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे संचालकपद त्यांनी सांभाळले आणि १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक झाले. इतरांनी निवृत्तीचे बेत आखावेत अशा वयात, १९६७ मध्ये, ते विक्रम साराभाईंसमवेत काम करण्यासाठी अहमदाबादला गेले.

केरळातील माड तेव्हा मर रोगाने पोखरले जात होते. रोगावर औषध नव्हते. बाधित झाड वेळीच ओळखून काढून टाकणे हाच मार्ग. परंतु झावळ्या पिवळ्या पडेपर्यंत रोग डोळ्यांना दिसत नसे. हवामानशास्त्रज्ञाने माडांच्या दुखण्यात लक्ष घालावे हे वरकरणी विचित्रच. पण प्रश्न प्रकाशाचा होता. निरोगी पानाच्या अंतर्गत पेशीरचनेवरून अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित होतात. रोगाने ही रचना ढासळली की परावर्तन घटते. १९७० च्या सुमारास पिशारोटी आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्याने, अवरक्त रंगीत फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी माड त्यांत लालबुंद उमटले, बाधित माड निस्तेज. जमिनीवरून धडधाकट भासणारी काही झाडेही त्यांत आजारी निघाली.

ही फिल्म मोठी नाजूक. उष्णतेने ती खराब होई, म्हणून थंड जागी जपावी लागे. धुऊन होईपर्यंत चित्र साधले की नाही हेही कळत नसे. १९८८ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘आयआरएस-१ए’ उपग्रहाने फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांना दिली, आणि लालीचा अंदाज बांधण्याऐवजी परावर्तन आकड्यांत मोजता येऊ लागले. (घरगुती डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकालाही अवरक्त प्रकाश जाणवतो, तो अडविण्यासाठी त्यापुढे मुद्दाम गाळणी बसविलेली असते.)

१९७० मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार पिशारोटींना लाभला. भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शास्त्रज्ञाचे २००२ मध्ये पुण्यात, वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले.