गंगेत घडलेला जलतरणपटू

आमच्या देगलूरकडे पोरे कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. सचिन नाग यांना गंगेने शिकवले. जन्म १९२० चा, काशीतला. पुढे ते कोलकात्याला गेले. १९४७ मध्ये तिथल्या दंगलीत त्यांच्या पायात गोळी शिरली. पोहणाऱ्याचा पाय तो! तरी पुढच्याच वर्षी ते लंडन ऑलिम्पिकमध्ये पोहले, वॉटर पोलोही खेळले. मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पहिले आशियाई सुवर्ण मिळवून दिले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये कांस्य आणले; पोहण्याच्या शर्यतीतले दुसरे सुवर्ण मात्र २०२३ पर्यंत आले नाही. नाग १९८७ मध्ये वारले. ध्यानचंद पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २०२० मध्ये.