दोन किनारे आणि टेनेसी विल्यम्स

कॉलेजच्या नाट्यगटात असाल, तर विजय तेंडुलकरांचं ‘वासनाचक्र’ हे नाव कानावरून गेलं असेल. ते ज्या नाटकाचं मराठी रूप आहे ते ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’, आणि ते लिहिणारा टेनेसी विल्यम्स. त्याची नाटकं तुम्हाला अभ्यासक्रमात भेटतील, त्यांवरचे सिनेमे मोबाइलवर सापडतील. आज त्याच्याकडे जरा समुद्राच्या बाजूने बघा. या माणसाचं बरंचसं आयुष्य अमेरिकेच्या दोन टोकांवरच्या दोन छोट्या गावांत घडलं. दोन्ही ठिकाणी रस्ता संपतो आणि पुढे नुसतं पाणी असतं.

खरं नाव थॉमस. जन्म १९११चा, मिसिसिपी राज्यातला. वडील बुटांच्या कंपनीत सेल्समन, दारूचे शौकीन. मुलगा लहानपणीच्या आजारातून उठलेला, बुजरा, पुस्तकात डोकं घालून बसणारा. वडील त्याला मुलीच्या नावाने चिडवायचे. पुढे तर त्यांनी त्याचं कॉलेज बंद करून त्याला बुटांच्या कंपनीतच चिकटवलं. दिवसा कारकुनी, रात्रभर टाइपरायटर, आणि शेवटी नर्व्हस ब्रेकडाउन. पदवी हातात पडली ती १९३८मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. (‘गॅप’ पडली म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) मग तो न्यू ऑर्लिन्सला पळाला आणि टेनेसी झाला.

आपल्याला पुरुष आवडतात हे त्याला तोवर कळून चुकलं होतं. पण तेव्हा अमेरिकेच्या एकूण एक राज्यांत तो गुन्हा होता. शहरातल्या बारवर धाडी पडायच्या, पकडलेल्यांच्या नोकऱ्या जायच्या. मग अशा माणसांनी भेटायचं कुठे? तर जिथे सगळेच चार दिवसांचे पाहुणे असतात आणि कोण कोणाबरोबर राहतंय याची चौकशी कमी होते, अशा ठिकाणी. म्हणजे समुद्रकाठच्या गावात, सीझनमध्ये.

केप कॉडच्या टोकावरचं प्रॉव्हिन्सटाउन हे असंच गाव. मूळ वस्ती मच्छीमारांची, त्यांतले बरेचसे पोर्तुगीज. १८९९मध्ये तिथे चित्रकलेची शाळा निघाली, पाठोपाठ लेखक आणि नाटकवाले आले. युजीन ओनीलचं पहिलं नाटक १९१६मध्ये तिथल्याच धक्क्यावरच्या एका जुन्या शेडमध्ये झालं. स्वस्त खोल्या, मोकळी वाळू आणि विचित्र वागणाऱ्या कलाकारांची सवय झालेले गावकरी. मुली मुलींबरोबर, मुलगे मुलग्यांबरोबर उन्हाळा काढू लागले. जाहिरात कुणीच केली नव्हती, कानोकानी खबर पोचायची.

१९४०च्या उन्हाळ्यात टेनेसी तिथे पोचला आणि किप कियर्नन नावाच्या कॅनडियन नर्तकाच्या प्रेमात पडला. पार आकंठ. काही आठवड्यांतच किपने संबंध तोडले. एका मुलीने त्याला सावध केलं होतं म्हणतात. चार वर्षांनी किप मेंदूतल्या गाठीने वारला, जेमतेम सव्विसाव्या वर्षी. टेनेसीने त्याचा फोटो जपून ठेवला आणि कित्येक वर्षांनी या ब्रेकअपवर एक अख्खं नाटक लिहिलं.

तरी त्याच गावाने त्याला खूप काही दिलं. १९४७च्या उन्हाळ्यात तो तिथे भाड्याच्या घरात राहत होता. घरातले दिवे गेलेले, नळ तुंबलेले. दिग्दर्शक एलिया कझानने एका नवख्या नटाला बसभाडं देऊन त्याच्याकडे धाडलं होतं. नटाने पैसे उडवले, लिफ्ट मागत मागत काही दिवस उशिरा पोचला, आल्या आल्या दिवे आणि नळ दुरुस्त केले आणि मग स्टॅन्लीचे संवाद वाचले. तो मार्लन ब्रँडो. त्याच उन्हाळ्यात टेनेसीला फ्रँक मर्लो भेटला. सिसिलियन आईबापांचा, नौदलात राहून आलेला, ठेंगणा आणि रोखठोक. वर्षभराने न्यूयॉर्कमध्ये दोघांची पुन्हा गाठ पडली आणि ते एकत्र राहू लागले.

आता दुसरं टोक. की वेस्ट हे फ्लोरिडाच्या दक्षिणेचं बेट, इथून क्यूबा दीडशे किलोमीटरच्या आत. १९३०च्या दशकात या बेटाची नगरपालिका दिवाळखोरीत गेली होती. पर्यटक आले तरच जगू, अशी अवस्था. त्यात नौदलाचा तळ, म्हणजे तरुण खलाशी. टेनेसी इथे पहिल्यांदा आला १९४१मध्ये, पहिलं मोठं नाटक बॉस्टनमध्ये आपटल्यावर. १९५०च्या सुमारास त्याने डंकन स्ट्रीटवर एक साधं लाकडी घर घेतलं. सकाळी लिहायचं, मग पोहायचं. घर, तिकिटं, गाडी, पाहुणे सगळं फ्रँक बघायचा. टेनेसीचे नव्वदी ओलांडलेले पाद्री आजोबासुद्धा त्यांच्याबरोबर राहून गेले, आणि त्यांनी या जोडीवरून कधी कटकट केली नाही. मला या सगळ्या गोष्टीत आजोबा फार आवडतात. ‘द रोझ टॅटू’ हे नाटक टेनेसीने फ्रँकला अर्पण केलं.

पण पुढचं सांगायलाच हवं. टेनेसी निष्ठावान जोडीदार नव्हता. गोळ्या, दारू, नवी नवी मुलं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं दुरावले. मग फ्रँकला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. टेनेसी परतला, शेवटच्या महिन्यांत सोबत राहिला, आणि सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँक गेला. पंधरा वर्षांचा संसार, पण कायद्याच्या लेखी दोघं एकमेकांचे कोणीच नव्हते. पुढची सहा-सात वर्षं टेनेसी नशेतच होता. १९६९मध्ये भावाने त्याला हॉस्पिटलात दाखल केलं, तेव्हा कुठे तो वाचला.

१९७०मध्ये त्याने टीव्हीवर स्वतःबद्दल आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, १९७५च्या आत्मचरित्रात तर सगळंच. तोवर की वेस्टही बदललं होतं. गे मंडळींनी मोडकी लाकडी घरं विकत घेऊन दुरुस्त केली, गेस्ट हाउस काढली, गावात पैसा आला. सगळ्यांना ते रुचलं नाही. जानेवारी १९७९मध्ये टेनेसीच्या माळ्याचा खून झाला, आणि त्याच महिन्यात टेनेसीला आणि त्याच्या मित्राला भर रस्त्यात टोळक्याने मारलं. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. पत्रकारांपुढे त्याने ते हसण्यावारी नेलं आणि बेट सोडलं नाही.

फेब्रुवारी १९८३मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वारला. त्याच नोव्हेंबरात की वेस्टने रिचर्ड हेमन या उघडपणे गे असलेल्या माणसाला महापौर निवडलं. अमेरिकेत असे महापौर तोवर बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. आपला देह समुद्रात सोडावा, लाडक्या कवी हार्ट क्रेनने जिथे उडी घेतली होती त्याच्या आसपास, असं टेनेसी सांगून ठेवलं होतं. भावाने ऐकलं नाही. त्याला सेंट लुइसमध्ये पुरलं, बुटांच्या कंपनीच्या गावात, आईशेजारी.