सुखवग्ग, गाथा 204 : माईसाहेब



आजचं वाचन आरे-वारेच्या वळणावर बसून लिहितोय. खाली दोन्ही किनारे दिसतात, रेंज मात्र येते आणि जाते. पोस्टला उशीर झाला तर समजून घ्या.

सुखवग्गातली 204वी गाथा आरोग्याला लाभ मानते, समाधानाला धन मानते आणि विश्वासाला सगळ्यांत जवळचं नातं मानते. शेवटी निब्बाण. आज मी विश्वासापाशीच थांबलो, त्याला कारण हा जिल्हा.

इथून उत्तरेला मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. त्याच बाजूला दापोलीजवळ वणंद, रमाईंचं माहेर. ही दोन नावं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. दक्षिणेला राजापूर तालुक्यात डोर्ले आहे, कबीर कुटुंबाचं गाव. ते मला तिशीत कळलं. डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, त्या घरच्या. आमच्या घरी त्यांचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली करायची.

रमाई दीर्घ आजारानंतर 27 मे 1935 ला गेल्या. पुन्हा लग्न करायचं नाही, असं बाबासाहेबांनी ठरवलं होतं. 1947 मध्ये ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा शरीर साथ सोडायला लागलं होतं. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या नसांचं दुखणं. रात्र रात्र झोप नाही. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेताना तिथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा संबंध आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 1937 च्या एमबीबीएस. सतत काळजी घेणारं कुणीतरी घरात हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून हे सगळं मोकळेपणाने कळवलं होतं.

15 एप्रिल 1948, दिल्ली, नोंदणी पद्धतीने लग्न. ते 57 वर्षांचे, त्या 39 च्या. शारदाच्या सविता झाल्या.

इथे मी नेहमी अडकतो. लग्नानंतर जोडीदार आजारी पडला तर निभावून नेणारे पुष्कळ असतात. या बाईंनी मात्र आधी रिपोर्ट पाहिले आणि मग सही केली. (आपल्या भाषेत, लॉग वाचून प्रोजेक्ट घेतला.) हा आजार बरा होणारा नाही, वाढत जाणार आहे, हे डॉक्टर म्हणून त्यांना माहीत होतं.

पुढची साडेआठ वर्षं म्हणजे इन्सुलिन, पथ्य, पायांचं दुखणं आणि अधू होत चाललेली नजर. माझ्या वडिलांना इन्सुलिन सुरू आहे. वेळ आणि जेवण जुळवताना एका महिन्यात माझा जीव मेटाकुटीला आला होता. आणि हा पेशंट तर रात्री पुस्तक खाली ठेवायला तयार नसायचा!

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब काठीच्या आधाराने उभे होते. भिक्खू चंद्रमणींकडून दोघांनी सोबत धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेलाही माईसाहेब सोबत होत्या. 6 डिसेंबरला दिल्लीत झोपेतच बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

मग संशय सुरू झाला. डॉक्टर, त्यातून जन्माने सारस्वत ब्राह्मण. एवढं लोकांना पुरलं. सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. आपल्या समाजाचं दुःख मोठं होतं, मान्य. पण त्याचा भार आपण एका विधवा बाईवर टाकला, हेही लिहायला हवं. त्या पुढे जवळजवळ 47 वर्षं जगल्या, 29 मे 2003 पर्यंत. 1990 मध्ये बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनीच स्वीकारलं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. आजारातून आपल्याला तारल्याचं श्रेय त्यांनी तिच्यात पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलंय. ग्रंथ 1957 मध्ये छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. आमच्या घरच्या प्रतीतही नाही. आज रात्री तिची प्रिंट काढून पुस्तकात ठेवणार आहे आणि आईला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल, माहीत नाही.

भवतु सब्ब मंगलम्.