बाग घेतली, हिशेब सोडला

लंडनच्या एका मिठाईवाल्याच्या घरी १८५० साली जन्मलेल्या एबनेझर हॉवर्डची शाळा पंधराव्या वर्षीच सुटली. एकविसाव्या वर्षी तो अमेरिकेत नेब्रास्काला शेती करायला गेला, शेती बुडाली. शिकागोत लघुलेखनावर पोट भरून १८७६ मध्ये तो परतला आणि पार्लमेंटातली भाषणे टिपू लागला.

इंग्लंडची खेडी तेव्हा ओस पडत होती आणि लंडन माणसांनी ओसंडत होते. गरिबाचे कुटुंब एका कोंदट खोलीत राही. तिचे भाडेही त्याला जड जाई. वास्तुशिल्पी नसलेल्या या लघुलेखकाने १८९८ मध्ये पुस्तक लिहून उपाय मांडला: उद्याननगरी. जमीन ६,००० एकर. त्यातल्या १,००० एकरांवर ३०,००० माणसे, घरांजवळच कारखाने. उरलेल्या जमिनीवर शेती आणि आणखी २,००० माणसे. गाव भरले की ते पसरू द्यायचे नाही, शेतीपलीकडे दुसरे वसवायचे.

कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या मला मात्र त्याचा जमाखर्च अधिक मोलाचा वाटतो. जमीन शेतीच्या भावात घ्यायची आणि ती सर्व गावाच्या मालकीची ठेवायची. वस्ती वाढली की जमिनीची किंमत वाढणारच. ती वाढ कुणा एकाच्या खिशात न जाता भुईभाड्याच्या रूपाने गावाकडे यावी. त्यातून कर्ज फिटावे, मग रस्ते, शाळा, म्हाताऱ्यांना पेन्शन.

१९०३ मध्ये लेचवर्थ वसू लागले. भागधारकांचा लाभांश पाच टक्क्यांवर रोखला होता. १९०५ मध्ये दीडशे पौंडांत बांधता येणाऱ्या घरांचे प्रदर्शन भरले. तरीही अगदी गरीब मजुराला तिथले घर परवडेना. हॉवर्ड खचला नाही. १९१९ मध्ये पुरेसे पैसे हाती नसताना त्याने लिलावात वेल्विनची जमीन घेतली. १९२७ मध्ये तो 'सर' झाला आणि पुढच्याच वर्षी वेल्विनमध्ये वारला.

पुढे बिल्डरांनी त्याची बाग तेवढी उचलली. सामाईक जमीन, जवळचे काम, वाढीची हद्द, सारे गाळले. लंडनभोवती बागवाल्या घरांच्या रांगा शेते गिळत गेल्या आणि दोष हॉवर्डच्या माथी आला.

लेचवर्थच्या जमिनीचे उत्पन्न मात्र आजही एका सार्वजनिक संस्थेमार्फत गावासाठीच खर्च होते.