कान्होजी आंग्रे : मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल



आपल्या गोरेगावकडच्या मुलांना पाणी म्हणजे तलाव. मालगुजारी तलावात ढिवर बांधव डोंगा घेऊन मासे धरायला उतरतात, ते त्यांनी पाहिलेलं असतं. समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. त्यामुळे आरमाराचा पाठ आला की वर्ग गप्प होतो. मागे मात्र एका मुलाने विचारलं, की कान्होजी आंग्रे जर इंग्रजांची जहाजं धरून ठेवायचे, तर त्यांना समुद्री डाकू का म्हणायचं नाही? प्रश्न बरोबरच होता. मला लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून घरी येऊन पुन्हा सगळं वाचून काढलं.

आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या अंगरवाडी गावावरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, म्हणजे समुद्राच्या अंगावरच गेलं. पुढे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी युद्ध पेटलेलं असताना, आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारले आणि १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रं कान्होजींच्या हाती आली. सरखेल हा त्यांचा किताब. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मराठ्यांच्या ताब्यातल्या किनाऱ्यापुढून व्यापारी जहाज न्यायचं, तर कान्होजींचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे. दस्तक नसेल तर जहाज धरलं जाई. आपल्याकडे जंगलातलं लाकूड न्यायला वनविभागाचा वाहतूक पास लागतो आणि पास नसला की नाक्यावर गाडी अडवतात. मुलांना मी हेच उदाहरण देते, चटकन समजतं. पोर्तुगीज लोक तर मराठ्यांच्या कितीतरी आधीपासून असेच परवाने विकत होते. त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही! इंग्रजांना स्वतःचे परवाने चालत होते, फक्त मराठ्यांचे घ्यायचे नव्हते. खरं भांडण हे होतं.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची खास नौका पकडली. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत सापडली. ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडलं. हा प्रसंग वर्गात गाळू नये असं मला वाटतं. कान्होजी मोठे होते म्हणून त्यांचं सगळंच गोड करून सांगायची गरज नाही. त्या काळी युद्धकैदी सोडवायला पैसे मोजावे लागत आणि सगळेच पक्ष ते घेत.

मराठ्यांच्या घरातही तेव्हा दोन तट होते. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूला. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. लढाई न होता तह झाला, सरखेलपद कायम राहिलं आणि कान्होजी शाहूंकडे आले.

इंग्रज गव्हर्नर बून याने नवीन जहाजं बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, १७१८ मध्ये खांदेरीवर केला, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. तिन्ही वेळा हात हलवत परत. कान्होजींची जहाजं इंग्रजांपेक्षा लहान. गुराबांवर तोफा असत आणि गलबतं वल्ह्यांनी चालत. वारा पडला की मोठं शिडाचं जहाज जागच्या जागी अडकतं. अशा वेळी गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पाठीमागे नेत, कारण जहाजाच्या मागच्या बाजूला तोफा कमी. मुलांना हे फार आवडतं. टबात कागदी होड्या सोडून दाखवा, एक तास कसा जातो कळत नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा १७२१ च्या अखेरीस झाली. इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. सुमारे ६,००० सैनिक आणि सोबत इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार जहाजं. किल्ला पडला नाही. बाजीराव पेशवे मदतीला आले, पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिलं. त्यांचंही काही चाललं नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे. मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या एका तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिलेलं आहे.

मुलांना मी आणखी थोडं पुढचंही सांगते. कान्होजींच्या मागे मुलांमध्ये वाद झाले, आरमार वाटलं गेलं. धाकटे तुळाजी आणि पेशवे यांचं पटेना. शेवटी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांनाच सोबत घेतलं आणि ज्या विजयदुर्गावरून बून दोनदा परत गेला होता, त्याच विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचं हे आरमार जळालं.